पाटीवरचे नाव

जतच्या एस.टी. आगारात हयातभर ज्यांचे हात ग्रीसने काळे राहिले, ते आमचे मामू दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्त माणसाने काय करावे याची उत्तरे आपल्या समाजात ठरलेली आहेत. जमल्यास हजला जावे, राहिलेल्या मुलीचे लग्न उरकावे, मशिदीत पहिल्या सफेत जागा धरावी आणि नातवंडांना शाळेत पोचवून यावे. मामूंनी काही महिने सफ धरली, नातवंडेही पोचवली. मग एके दिवशी मगरिबनंतर ते आमच्या घरी आले, ते बगलेत एक जाड फाईल घेऊन.

"बेटा, ये कागदां पढ के बोल, क्या क्या लिक्के हैं."

फाईलमध्ये पुण्याकडच्या एका कंपनीचा करारनामा होता. बेचाळीस पाने, बारीक टाईप, सगळे इंग्रजीत. कंपनी तळलेले चिकन विकते. जागा मामूंनी घ्यायची, पैसा मामूंनी घालायचा, पोरे मामूंनी ठेवायची आणि पाटी मात्र कंपनीच्या नावाची लावायची. यालाच फ्रँचायझी म्हणतात, हे आता तालुक्याच्या गावातही कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला असताना इंग्रजीची जेवढी पुस्तके चाळली तेवढीच आमची इंग्रजी. तरीही घरात शिकलेला माणूस म्हणून कागद आमच्याकडे आला होता. शेवटच्या पानावर जामीनदाराच्या सहीची एक रिकामी जागा होती. ती मामूंनी आमच्यासाठी राखून ठेवली आहे, हे आम्हाला फाईल उघडल्यावर कळले.

त्या रिकाम्या जागेमुळेच हा लेख लिहीत आहोत. सही करायची की नाही, हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न निघाला. दुसऱ्याचे नाव विकत घेऊन रोजी कमवताना त्या नावाची जोखीम कुणी उचलायची? आणि ती उचलणारा साठीचा असेल, तर हिशेब बदलतो का?

गल्लीतले लोक वयावरच अडले. "इस उमर में?" हा एकच सवाल चार तोंडांनी झाला. खरे सांगायचे तर आमच्याही तोंडी तोच होता. पण विचार करू लागल्यावर त्यात काही तथ्य दिसेना. उतारवयात व्यापार सुरू करणे आपल्या परंपरेला परके नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांची हकीकत आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. मक्केतले सर्व सोडून ते मदिनेत आले तेव्हा तरुण राहिलेले नव्हते. त्यांचे अन्सारी भाऊ हजरत साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, पण मालमत्ता घेतली नाही. फक्त बाजार कुठे आहे तेवढे विचारले आणि तूप व सुकवलेले पनीर विकायला बसले. म्हणजे खाण्याच्याच जिनसा! वर्गातली मुले इथे नेहमी हसतात, एवढे मोठे सहाबी आणि तूप विकत होते म्हणून. आम्ही त्यांना हसू देतो.

कंपनीच्या माणसानेही वयाचाच मुद्दा काढला होता, पण उलट्या बाजूने. त्याने मामूंना एका पांढऱ्या दाढीच्या, पांढऱ्या सुटातल्या म्हाताऱ्याचे चित्र दाखवले आणि सांगितले, "चाचा, यांनी पासष्टाव्या वर्षी सुरुवात केली." हे चित्र आता लहान पोरेही ओळखतात. हार्लंड सँडर्स, लोक ज्याला कर्नल म्हणतात. व्याख्यानांतून त्याची गोष्ट अशी सांगतात की म्हातारा खिशात फुटकी कवडी नसताना घराबाहेर पडला, हजारभर लोकांनी त्याला हाकलले आणि शेवटी तो कोट्यधीश झाला. दर भाषणागणिक हाकलणाऱ्यांची संख्या वाढत जाते.

गोष्टीतला खरा भाग याहून शिकण्यासारखा आहे. सँडर्सचा जन्म १८९० चा. १९३० साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कॉर्बिन या गावी पेट्रोल पंपाजवळ तो वाटसरूंना जेवण वाढू लागला. गव्हर्नरने १९३५ मध्ये त्याला कर्नल हा मानाचा किताब दिला. १९३९ मध्ये प्रेशर कुकरमध्ये चिकन तळण्याची रीत त्याने बसवली. म्हणजे पासष्टाव्या वर्षी तो नवशिका नव्हता. पंचवीस वर्षे स्वतःच्या चुलीपुढे उभा राहिलेला तो स्वयंपाकी होता. मग नवा मोठा रस्ता कॉर्बिनला वळसा घालून गेला आणि गिऱ्हाईक त्या रस्त्याबरोबर निघून गेले. १९५६ मध्ये हॉटेल लिलावात विकून त्याने देणी फेडली. हातात राहिली महिन्याला १०५ डॉलरची सरकारी पेन्शन. तेव्हा तो गाडीत कुकर आणि मसाला घालून गावोगावच्या हॉटेलवाल्यांकडे जाऊ लागला.

रस्त्याची ही गोष्ट वाचताना आम्ही थबकलो, कारण मामूंचा सगळा बेत रस्त्यावरच उभा होता. विजापूर-गुहागर महामार्ग जतमधून जातो. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या. विजापूरकडे जाणारे, तिकडून येणारे, यल्लमादेवीच्या यात्रेचे, द्राक्ष-डाळिंबाच्या व्यवहाराचे, सगळे इथे थांबतात आणि खायला चांगली जागा शोधतात, असे मामूंचे म्हणणे. तीस वर्षे एस.टी.च्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला रस्ता कळतो, यात शंका नाही. पण रस्ता कुणाचा बांधील नसतो. उद्या गावाबाहेरून वळण निघाले तर कंपनी ती पाटी काढून नव्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाला देईल. मामूंना भिंती उचलून नेता येणार नाहीत.

त्या चित्रातली आणखी एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. कंपनीचा माणूस मामूंना सँडर्सच्या जागी बसवत होता. परंतु करारात सँडर्स दुसऱ्या बाजूला होता! तो नाव देणारा होता, घेणारा नव्हता. मामूंची जागा त्या हॉटेलवाल्याची, ज्याच्या दारात सँडर्स कुकर घेऊन उभा राहिला. त्या हॉटेलवाल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांतला पहिला पीट हार्मन, सॉल्ट लेक सिटीचा, १९५२ सालचा. त्याचे स्वतःचे चालते हॉटेल होते. सँडर्सशी त्याचा व्यवहार हात मिळवून ठरला, आगाऊ रक्कम नाही. चिकनची रीत वापरायची आणि विकलेल्या दर कोंबडीमागे चार सेंट द्यायचे. कोंबडी विकली नाही तर देणे नाही. चालत्या हॉटेलात एक पदार्थ वाढला, एवढीच त्याची जोखीम. मामूंना मात्र शून्यातून दुकान उभारायचे होते, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मोडून.

आता करारनाम्याकडे येतो. शब्दकोश घेऊन आम्ही चार रात्री बसलो. नावाची फी ५ लाख, परत न मिळणारी. दुकानाची मांडणी आणि यंत्रे कंपनी सांगेल त्याच्याकडून, सुमारे ९ लाख. मसाला आणि मुरवलेले चिकन कंपनीकडूनच. रॉयल्टी विक्रीच्या ६ टक्के, जाहिरातीसाठी आणखी २ टक्के. मुदत पाच वर्षे, मध्येच सोडल्यास दंड. तंटा झाल्यास न्यायालय कंपनीच्या शहरातले. चौदा लाखांपैकी दहा मामूंचे, चार बँकेच्या कर्जाचे. व्याजाचा मुद्दा मामूंनाही टोचत होताच, पण तो त्यांनी आमच्यापुढे काढला नाही, आम्हीही काढला नाही.

आम्ही वहीत हिशेब मांडला. महिन्याची विक्री अडीच लाख धरली, जतच्या मानाने ती बरीच आहे. माल ५५ टक्के, म्हणजे १,३७,५००. रॉयल्टी १५,०००, जाहिरात ५,०००. भाडे १८,०००, तीन पोरांचे पगार ३६,०००, वीज आणि गॅस २४,०००. उरले १४,५००, तेही कर्जाचा हप्ता वजा न करता. मग श्रावण धरला. श्रावणात आपल्या गावात चिकन खाणारे निम्म्यावर येतात, पण आम्ही मन मोठे करून विक्री दोन लाख धरली. माल १,१०,०००, भाडे-पगार-वीज तेच ७८,०००, रॉयल्टी १२,०००, जाहिरात ४,०००. बेरीज २,०४,०००. म्हणजे मामूंना चार हजारांचा तोटा आणि त्याच महिन्यात कंपनीला सोळा हजार.

मुमानी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या चौथीच्या पुढे शिकलेल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, "घाटा हुआ तो कंपनी कित्ता भरेगी?"

बेचाळीस पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. किंवा असे म्हणावे की बेचाळीस पाने मिळून एकच उत्तर होते.

रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. ऐकायला ही बारीक गोष्ट वाटते. पण आमच्या मते सगळा नैतिक प्रश्न तिच्यात आहे. आपल्याकडे भागीदारीची जी रीत शिकवली जाते, मुजारबत म्हणा किंवा शिरकत म्हणा, तिचा कणा असा की वाटा नफ्यात ठरतो आणि तोटा भांडवलाला सोसावा लागतो. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. बुडाले तर एकाची रक्कम जाते, दुसऱ्याचे श्रम जातात. कोरडा कुणीच राहत नाही. हजरत खदीजा यांचा माल घेऊन हुजूर शामला गेले तो व्यवहार याच धर्तीचा होता. व्याजावर आक्षेप आहे तोही मुळात याचसाठी की सावकाराला दुसऱ्याच्या तोट्यातही आपला वाटा ठरलेला मिळतो. मग विक्रीवरची रॉयल्टी त्याच जातीची आहे का? आम्ही मुफ्ती नाही आणि फतवा देण्याची हौसही नाही. नाव वापरायला देणे म्हणजे घर भाड्याने देणे, भाडेकरूचा धंदा बुडाला म्हणून घरमालक भाडे सोडत नाही, असे उत्तर देता येते, आणि ते अगदीच पोकळ नाही. परंतु घरमालक भाडेकरूला भाजी कुठून आणायची, भिंतीला कोणता रंग द्यायचा, दुकान किती वाजता उघडायचे हे सांगत नाही. जो माणूस हुकूम मालकासारखा देतो आणि जोखीम मात्र भाडेवसुली करणाऱ्याइतकीच घेतो, त्याला काय म्हणावे?

हे सर्व कंपन्यांना लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. रे क्रॉक या मिक्सर विकणाऱ्या माणसाने १९५४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मॅकडोनाल्ड बंधूंचे हॅम्बर्गरचे दुकान पाहिले आणि त्याच्या शाखा देण्याचा हक्क घेतला. मधुमेह जडलेला, सांधे धरू लागलेले, तरी त्याने हे केले. सुरुवातीला तो दुकानदाराकडून ९५० डॉलर आणि विक्रीच्या १.९ टक्के घेई, त्यातला अर्धा टक्का बंधूंना जाई. पण आपल्याच दुकानदारांना माल विकून नफा काढायचा नाही, हे त्याने ठरवून टाकले होते. कारण साधे होते. माल विकू लागलो की दुकानदार जगतो की मरतो यापेक्षा आपला माल खपतो की नाही याचीच चिंता लागते. हा विचार आम्हाला पटला. मामूंच्या करारातली मसाल्याची अट त्यामुळेच अधिक खुपली.

क्रॉकला साधू ठरवायचे नाही. १९६१ मध्ये त्याने २७ लाख डॉलर देऊन बंधूंचे सर्व हक्क विकत घेतले. बंधूंनी आपले सॅन बर्नार्डिनोचे मूळ दुकान स्वतःकडे ठेवले, पण त्यावर त्यांचे स्वतःचे आडनाव लावण्याचा हक्क राहिला नाही. पाटी बदलून 'बिग एम' केली. क्रॉकने जवळच मॅकडोनाल्डचे नवे दुकान उघडले आणि काही वर्षांत मूळ दुकान बंद पडले. स्वतःचे नाव स्वतःच्या दुकानावर लावता येत नाही, याहून विचित्र गोष्ट काय असेल? सँडर्सचेही तेच. १९६४ मध्ये त्याने कंपनी २० लाख डॉलरला विकली. चेहरा पाटीवर राहिला, चूल गेली. पुढे हॉटेलांत मिळणाऱ्या रश्श्याला तो उघडपणे नावे ठेवी. त्यावरून त्याच्यावर खटलासुद्धा झाला. म्हातारा आपल्याच चित्राखाली उभा राहून हे माझे नव्हे म्हणत होता.

आपल्या मुलखात उलटे घडले आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असे सांगतात. वडापाव मुंबईभर, मग महाराष्ट्रभर गेला आणि कुणी कुणाला एक पैसा रॉयल्टी दिली नाही. गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी कामगारांनी उतारवयात वडापावच्या गाडीवर घर चालवले. नाव विकत घ्यावे लागले असते तर ती गाडी लागली असती का? पुढे २००१ मध्ये मालाडला जंबोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव निघाले आणि या बिनमालकीच्या पदार्थावर पाट्या चढल्या. त्यांनी विकला तो पदार्थ नव्हे, भरवसा विकला. वडा कारखान्यात बनणार, गोठवून येणार, कुठेही खाल्ला तरी चव एक. या भरवशाला किंमत आहे, हे आम्ही नाकारत नाही. परक्या गावी मुलाबाळांना घेऊन उतरलो की आम्हीही ओळखीची पाटी शोधतो.

हे सर्व मामूंना सांगत होतो. ते ऐकत होते आणि मधूनच फाईलवर हात फिरवत होते. नंतर मुमानी आत गेल्यावर त्यांनी हळू आवाजात जे सांगितले ते आमच्या वहीत नव्हते. "बेटा, हमारे नाम का बोर्ड लगाया तो आधे लोगां बाहर से वापस जाएंगे. कंपनी का नाम रहा तो सब अंदर आएंगे."

आम्ही गप्प झालो. मामूंची जतमध्ये ओळख अशी की रात्री दोन वाजता वाटेत गाडी बंद पडली तर चालक त्यांचेच नाव घेत. कानडी बोलणारे, मराठी बोलणारे, सगळ्यांच्या लग्नात त्यांचे ताट असते. तरी त्यांचा अंदाज चुकीचा आहे असे आम्हाला म्हणता आले नाही. मुंबईत आणि गुजरातच्या हमरस्त्यांवर पालनपूरकडच्या चिलिया मुसलमानांची हॉटेले कितीतरी वर्षे चालत आली. नातेवाईक आणि गाववाले पैसा एकत्र करून भागीदारीत हॉटेल काढतात. पाटीवर बहुधा असे नाव असते की त्यावरून मालकाचा धर्म कळू नये. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरील खाद्यदुकानांना मालकांची नावे लावण्याचे आदेश निघाले आणि २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. पाटी म्हणजे काय, हे त्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येक मुसलमान हॉटेलवाल्याला कळले असेल.

म्हणजे मामू पाच लाख देऊन कंपनीचे नाव घेत नव्हते, ते स्वतःचे नाव झाकण्याची किंमत देत होते. आम्ही हिशेबात ही बाब धरलीच नव्हती. आणि ती धरल्यावर आमची आकडेमोड थोडी उद्धट वाटू लागली. दर महिन्याला पगार जमा होणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या धाडसाला आकड्यांनी मारणे सोपे असते. मामूंनीही ते बोलून दाखवले. घरात बसून राहिलो तर वर्षभरात संपेन, असे ते म्हणाले. तो दमबाजीचा सूर नव्हता. मुसलमानांत स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंदले आहे. ही आवड कमी आणि नाइलाज जास्त, हे आपण सगळे जाणतो. त्यात आम्ही नोकरीवाले अपवाद.

तरीही सहीची जागा रिकामी होती. शेवटी आम्ही सूरह बकरची २८२ वी आयत काढली. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत आणि ती आहे देण्याघेण्याचा दस्त लिहिण्याबद्दल. लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण दस्ताचा मजकूर कुणी सांगायचा? ज्याच्यावर देणे येते, त्याने. घेणाऱ्याने नव्हे. आणि तो दुर्बळ असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा. शाळेत आम्ही ही आयत वर्षानुवर्षे वाचली, पण तिच्यातली ही दिशा त्या रात्री प्रथम जाणवली. कागदाचा मजकूर ज्याच्या गळ्यात दोरी पडणार त्याच्या तोंडून यावा. बेचाळीस पानांतला एक शब्दही मामूंच्या तोंडचा नव्हता.

अमेरिकेत १९७९ पासून नियम आहे. फ्रँचायझी देणाऱ्याने आपली आर्थिक स्थिती, चालू असलेले खटले, बंद पडलेली दुकाने ही सगळी माहिती सहीच्या आधी लेखी द्यावी लागते, आणि घेणाऱ्याला ती वाचायला ठरावीक दिवस मिळतात. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आहे, आणि तो दोन्ही बाजू सज्ञान व राजी आहेत एवढे पाहतो. साठीचा मेकॅनिक आणि वकिलांची फौज असलेली कंपनी, दोघे सज्ञान, दोघे राजी.

आम्ही मामूंना म्हटले, तुम्ही बोला, आम्ही लिहितो. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. ज्या महिन्यात तोटा होईल त्या महिन्याची रॉयल्टी पुढे ढकलावी. मसाला कंपनीचा, पण कोंबडी जतमधून घेऊ द्यावी. दोन वर्षांनी दंडाशिवाय सोडता यावे. तंटा सांगलीच्या न्यायालयात चालावा. यांत माफी एकही मागितली नव्हती. आम्ही ते मराठीत आणि मोडक्या इंग्रजीत लिहून पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले, अतिशय सभ्य. करार सर्वांसाठी एकच असतो, त्यात बदल करता येत नाही.

मामूंनी सही केली नाही. आम्ही जिंकलो असे आम्हाला वाटले नाही. फाईल त्यांनी आमच्याच कपाटात ठेवायला दिली आणि महिनाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

मग एस.टी. स्टँडजवळ एक टपरी भाड्याने मिळाली. भांडवल दोन लाख. दीड मामूंचे, पन्नास हजार आमचे. ही भागीदारी शंभराच्या नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिली, कारण मामूंना मोठा कागद हवा होता. मजकूर त्यांनी सांगितला, आम्ही लिहिला, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू. नफ्याचा अर्धा भाग मेहनतीचा म्हणून आधी मामूंचा, उरलेला भांडवलाप्रमाणे. तोटा भांडवलाच्या प्रमाणात दोघांचा. साक्षीदार दोन, त्यांतले एक आगारातले निवृत्त वाहक, जातीने धनगर.

पाटीवर काय लिहावे यावर पेंटर अर्धा दिवस बसून राहिला. मुलीचे म्हणणे होते की अब्बांचे नाव घालावे. मामूंनी शेवटी 'आगार चिकन' लिहून घेतले. लोक आपल्याला आगारामुळेच ओळखतात, असे त्यांचे स्पष्टीकरण. यात नाव लपवले की दाखवले, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. आत भिंतीवर अन्नपरवान्याचा कागद लावला आहे. त्यावर त्यांचे पूर्ण नाव छापलेले आहे आणि तो गल्ल्याच्या बरोबर मागे, सर्वांना दिसेल असा आहे.

संध्याकाळी सहा ते अकरा टपरी चालते. मामू स्वतः तळतात, पोरगा एकच ठेवला आहे. पहिले तीन महिने थोडा नफा झाला. मग श्रावण आला. महिना संपल्यावर मामू वही घेऊन आले, तोटा १,४०० रुपये निघाला होता. भांडवलाच्या चौथ्या हिश्शाने आमच्याकडे ३५० रुपये येत होते. आम्ही म्हटले, पुढच्या महिन्यात वळते करू. ते म्हणाले, "नै बेटा, लिक्के हैं." आम्ही ३५० रुपये दिले. त्यांनी ते मोजून घेतले, वहीत मांडले आणि आमची सही घेतली.